दोन इंचांचा हिशोब: जुन्या जिप्सीला लिफ्ट बसवताना

मारुती जिप्सीचे पाटे (लीफ स्प्रिंग) बदलून गाडी दोन इंच उंच केली, तर मागच्या ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून किती वर जातो? अजिबात नाही. एक मिलिमीटरसुद्धा नाही.

ठाण्या-नवी मुंबईत जुन्या गाड्या हौसेने उभ्या करणारी मंडळी बरीच आहेत. कुणाकडे लष्कराच्या लिलावातून निघालेली हिरवी जिप्सी, कुणाकडे वडिलांनी वापरलेली महिंद्रा एमएम ५४०. गाडी हातात आली की बहुतेकांची पहिली मागणी एकच असते: आधी उंच करूया. म्हणून सुरुवातीलाच वरचा प्रश्न. त्याचं उत्तर नीट कळलं, तर लिफ्ट कशासाठी करायची, किती करायची आणि कुठे थांबायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

जिप्सीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे. म्हणजे डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच जाड नळी आणि तिच्या पोटात इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा डिफरन्शियल. ही नळी थेट चाकांवर टेकलेली असते. पाटे बसतात ते ॲक्सल आणि चेसी यांच्या मध्ये. पाट्यांनी जे काही उचललं जातं ते पाट्यांच्या वरचं: चेसी, बॉडी, इंजिन, ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला देणारी पेटी), आपण स्वतः. ॲक्सल जिथे होता तिथेच राहतो. त्याला वर न्यायचं तर टायर मोठा लागतो, आणि तिथेही टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्माच फायदा मिळतो.

हे आकड्यांत पाहू. २०५/७० आर १५ या टायरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर भरतो. २१५/७५ आर १५ घेतला तर ७०४. म्हणजे डिफरन्शियल फक्त १८ मिलिमीटर वर गेला. २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ७३४, आणि गोळा ३३ मिलिमीटर वर. सव्वा इंच. वाटेतल्या दगडाला जो भाग सगळ्यात आधी लागतो त्याची ही खरी कमाई.

मग लिफ्टचा उपयोग काय? दोन उपयोग आहेत आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा होते. दुसरा, चढाच्या सुरुवातीला बंपर घासत नाही, बांधासारखा उंचवटा ओलांडताना पोट टेकत नाही आणि उतरताना मागचा भाग आपटत नाही. जिप्सीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २३७५ मिलिमीटर आहे, म्हणजे सुझुकी जिम्नीच्या आखूड भावंडांपेक्षा लांब. त्यामुळे पोट टेकण्याची अडचण तिला जरा जास्त, आणि चेसी ५० मिलिमीटर वर गेली की उंचवटा ओलांडण्याचा कोन ढोबळमानाने चार-पाच अंशांनी वाढतो. मुरबाडकडच्या पावसाळी कच्च्या रस्त्यांवर एवढे अंश पुष्कळ झाले.

आधी गाडी मूळ उंचीवर आहे का ते पाहा

जिप्सी १९८५ च्या अखेरीस बाजारात आली आणि २०१८-१९ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर असलेली कुठलीही जिप्सी तरुण नाही. तिचे पाटे बहुतेक वेळा बसलेले असतात, म्हणजे त्यांचा मूळचा बाक कमी झालेला असतो. अशी गाडी दोन इंच खाली आलेली असते आणि मालक तिला "कंपनीची उंची" समजतो. त्यावर दोन इंचांची लिफ्ट लावली की हिशोबाने गाडी मूळ जागी परत येते, पण खर्च आणि गुंतागुंत मात्र लिफ्टची होते.

म्हणून आधी टेप घ्या. सपाट जागा शोधा. सोसायटीच्या पार्किंगला पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तिथे मापू नका. चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजा आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा आणि टायरची झीज आकड्यात घुसते. चाकाच्या मध्यापासून मोजलं तर फक्त पाट्यांचीच कथा कळते. बऱ्याच जुन्या गाड्यांत चालकाची बाजू अर्धा-पाऊण इंच खाली निघते. एकटाच माणूस वर्षानुवर्षं त्या बाजूला बसत आला, त्याचा तो परिणाम.

आता पाट्यांकडे बघा. पाट्याच्या दोन पानांमध्ये गंज धरला की पाने एकमेकांवर सरकत नाहीत, जणू एकच जाड पट्टी होते, आणि गाडी कडक उसळते. अशा वेळी लोक शॉकॲब्झॉर्बर बदलतात आणि फरक पडला नाही म्हणून हळहळतात. पाटे खोलून, घासून, ग्रॅफाइटचं ग्रीस लावून, नवे बुश घालून पुन्हा बांधले तरी गाडी ओळखू येत नाही इतकी बदलते. बाक गेलेल्या पाट्यांना पुन्हा बाक देणारे पाटेवाले ट्रकच्या धंद्यामुळे आपल्याकडे भरपूर आहेत. कळवा-शिळफाटा पट्ट्यात किंवा तळोज्याच्या बाजूला विचारत गेलात तर सापडतील. पण ट्रकच्या पाट्यांचा हात जिप्सीला थेट लागू पडत नाही हे त्यांना सांगावं लागतं. जिप्सीची सॉफ्ट टॉप गाडी हजार किलोच्या आसपास वजनाची. तिला "मजबूत" म्हणून एक जाड पान जास्त टाकलं, की गाडी उंच दिसते खरी, पण पाटा वाकतच नाही. मग खड्ड्यात चाक खाली उतरण्याऐवजी हवेत लटकतं, आणि हवेत लटकलेलं चाक गाडी ओढत नाही. शिवाय पाटा न तापवता नुसता ठोकून दिलेला बाक पुन्हा बसण्याची शक्यता असते. पैसे असतील तर मूळ मापाचे नवे पाटे घेणं मला जास्त पटतं.

याच वेळी खाली झोपून चेसी तपासा. खाडीकाठची दमट, खारी हवा इथल्या गाड्यांचं आयुष्य खाते. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला बांधणाऱ्या पट्ट्यांचे) ब्रॅकेट जिथे चेसीला वेल्ड केलेले असतात, तिथे छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बसका. शंका आली तर जाड स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहा. वरून काळा रंग मारलेली चेसी दिसायला नवीकोरी असते आणि आत पापुद्रे सुटलेले असतात. ब्रॅकेट कुजलेलं असेल तर लिफ्टचा विचार तिथेच थांबवा आणि आधी चेसीचं काम करा. यात तडजोड नाही. उंच केलेल्या गाडीत त्या ब्रॅकेटवर मूळपेक्षा जास्त ताण येतो आणि ते सुटलं तर ॲक्सल एका बाजूने मोकळा होतो.

इतकं झाल्यावर पुन्हा मापं घ्या. माझं प्रामाणिक मत असं की निम्म्याहून जास्त लोकांना एवढ्यावरच समाधान व्हावं. घोडबंदर रोडवरून गायमुखच्या घाटातले खड्डे आणि शनिवार-रविवारी कर्जत-मुरबाडकडचे कच्चे रस्ते, एवढ्यासाठी मूळ उंचीची, मोकळे पाटे आणि चांगले टायर असलेली जिप्सी पुरून उरते.

कायदा काय म्हणतो

मूळ मापाचे पाटे आणि मूळ मापाचे टायर घालणं ही दुरुस्ती आहे. त्यापुढे जे काही आहे तो बदल, आणि बदलाला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते आणि नंतर दर पाच वर्षांनी. म्हणजे जुन्या गाडीला एमएच ०४ असो की एमएच ४३, आरटीओच्या निरीक्षकासमोर उभं राहायचंच आहे. विमा कंपनीला न कळवता बदल केला असेल तर अपघातानंतर दावा अडकू शकतो, आणि तो आपल्यासाठीच नाही तर समोरच्या जखमी माणसासाठीही महत्त्वाचा असतो. त्यामुळे लिफ्ट करायचीच असेल तर आधी आरटीओकडे लेखी विचारणा करा, मूळचे पाटे-शॅकल-शॉकअप जपून ठेवा, आणि परवानगी नसेल तर उंच केलेली गाडी खासगी जागेवरच्या ऑफ-रोड ट्रॅकसाठी किंवा स्पर्धेसाठीच ठेवा. येऊरच्या जंगलात तर कुठल्याच उंचीची गाडी वाट सोडून घालू नये. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे.

उंची कुठून आणायची

सगळ्यात स्वस्त उपाय लांब शॅकल. शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक चेसीला झुलतं बांधणारी दोन पट्ट्यांची जोडी. ती दोन इंचांनी लांब केली तर गाडी एक इंच उचलली जाते, कारण पाट्याचं एकच टोक खाली गेलं आणि ॲक्सल पाट्याच्या मध्यावर आहे. पण याची किंमत पुढच्या ॲक्सलवर मोजावी लागते. ती कशी, ते खाली येतं.

ॲक्सल आणि पाटा यांच्यात लोखंडी ठोकळा घालणं हा दुसरा मार्ग. ज्या गाड्यांत पाटे ॲक्सलच्या वर असतात तिथे मागच्या बाजूला हा प्रकार चालतो. पुढच्या ॲक्सलला ठोकळा कधीही नाही. ब्रेक मारल्यावर ॲक्सल फिरायला बघतो, ठोकळ्यामुळे त्याला जास्त लिव्हर मिळतो आणि ठोकळा निसटला तर स्टिअरिंगच हातातून गेलं. जिप्सीत तर मुळात पाटे ॲक्सलच्या खाली असतात, त्यामुळे हा मार्ग तिच्यासाठी नाहीच.

तोच पाटा ॲक्सलच्या खालून काढून वर नेणं, हा मोठ्या लिफ्टचा उपाय. नळीची जाडी आणि पाट्यांच्या गठ्ठ्याची जाडी मिळून गाडी पाचेक इंच उचलली जाते. दगडांवरून चढणाऱ्या स्पर्धेच्या गाड्यांना हे करतात. त्यासाठी ॲक्सलवर नव्या बैठका अचूक कोनात वेल्ड कराव्या लागतात, स्टिअरिंगची रचना बदलावी लागते, प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) नव्याने बनवावा लागतो. रोज वाशी-ठाणे करणाऱ्या गाडीला हे करू नये, असं मी ठामपणे सांगेन.

बॉडी लिफ्टमध्ये चेसी जागच्या जागी राहते आणि बॉडीच्या माउंटिंगखाली गट्टू घालून फक्त डबा वर जातो. टायरला जागा मिळते, पण पोट तेवढंच खाली.

राहिला सरळ मार्ग: जास्त बाकाचे, पण पातळ आणि जास्त पानांचे नवे पाटे, चारही. उंची दीड ते दोन इंच. माझी मर्यादा दोन इंच आहे आणि त्यामागचं कारण उंचीत नाही, कोनांत आहे.

एक इंच उचलला की काय काय हलतं

पुढच्या चाकांची वळण्याची धुरी सरळ उभी नसते; वरचं टोक किंचित मागे झुकलेलं असतं. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरपा असतो आणि त्यामुळे हात सोडला तरी सायकल सरळ जाते, तसंच. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. वळणावरून बाहेर पडताना स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते याच्यामुळे.

जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला, बंपरकडे असतो. तिथे लांब शॅकल घातला की पाट्याचं पुढचं टोक खाली ढकललं जातं, पाटा पुढे कलतो, त्याच्याबरोबर ॲक्सल कलतो आणि धुरीचं वरचं टोक पुढे येतं. कॅस्टर कमी झाला. गॅरेजमधून निघताना काही कळत नाही. ऐरोली पुलावर आडवा वारा लागला, किंवा पाम बीच रोडवर सत्तरच्या वेगाला गेलात, की गाडी डावी-उजवीकडे भटकायला लागते आणि सतत स्टिअरिंग धरून सरळ करावं लागतं. त्यात किंग पिनच्या, म्हणजे याच धुरीच्या, बेअरिंग झिजलेल्या असतील तर एका ठरावीक वेगाला एखादा खड्डा लागून पुढची दोन्ही चाकं थरथरायला लागतात, आणि ती थरथर वेग उतरवल्याशिवाय थांबत नाही. जुन्या गाडीत ही बेअरिंग, टाय रॉडची टोकं आणि व्हील बेअरिंग लिफ्टच्या आधी तपासायची असतात, कारण लिफ्ट झाल्यावर दोष लिफ्टला चिकटतो आणि मूळ कारण सापडत नाही.

कॅस्टर परत मिळवायला पाटा आणि ॲक्सलची बैठक यांच्या मध्ये पाचराच्या आकाराची पट्टी घालतात. दोन-तीन अंशांची. पण इथे एक पेच आहे. ॲक्सल मागे कलवला की त्याच ॲक्सलमधलं पिनियनचं (शाफ्ट डिफरन्शियलला जिथे जोडतो त्या गिअरचं) तोंड, जे मागे ट्रान्सफर केसकडे बघतं, ते खाली झुकतं आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. कॅस्टर सुधारावा तर शाफ्ट बिघडतो, शाफ्ट सांभाळावा तर स्टिअरिंग भटकतं. दोन इंचांपर्यंत या दोघांचं जमतं. त्यापुढे ॲक्सलची टोकं कापून फिरवावी लागतात.

प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनातही फिरू देणारे सांधे, असतात. एकच क्रॉस कोनात फिरवला तर त्याच्या पुढचा दांडा एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा जरा पुढे पळतो, दोनदा जरा मागे राहतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच उलट कोनात असेल तर ही चूक तिथे पुसली जाते. म्हणून ट्रान्सफर केसचं तोंड आणि पिनियनचं तोंड एकमेकांना समांतर हवं. मागच्या बाजूला लांब शॅकल टाकला की ॲक्सल मागे कलतो, पिनियन वर बघायला लागतं आणि समांतरपणा जातो. मग वेगात गाडीच्या तळातून घूं घूं आवाज येतो, आसन थरथरतं, आणि काही महिन्यांत क्रॉस किंवा पिनियनचं बेअरिंग जातं. मिस्त्री शाफ्ट बॅलन्स करून आणतात. शाफ्ट आधीपासूनच ठीक असतो. स्वस्त डिजिटल अँगल मीटर मिळतो, तो दोन्ही तोंडांवर ठेवून मोजला तर पाच मिनिटांत उत्तर सापडतं. मात्र जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, रबरी माउंटिंगवर टांगलेली असते. ती रबरं सडली असतील तर मोजलेला कोन चालत्या गाडीत टिकत नाही. आधी ती बदला.

शाफ्टची लांबीही बघायची. गाडी वर गेली की ट्रान्सफर केस आणि ॲक्सल यांतलं अंतर वाढतं आणि शाफ्टच्या मधला सरकता भाग बाहेर येतो. त्याची पकड किती उरली हे चाकं पूर्ण लटकवून बघावं लागतं.

स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा दांडा, हाही असाच. मुळात तो जवळपास आडवा असतो. चेसी वर गेली की तिरका होतो, आणि चाक खड्ड्यात गेलं की लिंक आणि ॲक्सल वेगवेगळ्या वाटेने हलतात. फरक स्टिअरिंगला ओढतो. हात स्थिर असताना गाडी स्वतःहून वळायला बघते. दोन इंचांत हे सहन होतं, जास्त लिफ्टला लिंक बदलावा लागतो.

ब्रेकचे रबरी होज आणि शॉकअप यांची लांबी हे साधं काम आहे, पण त्यात जीव अडकलेला असतो. चेसीला स्टँड लावून चाकं पूर्ण खाली लटकू द्या, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. होज कुठेही ताणला जाता कामा नये. शॉकअपनेही ॲक्सलला लटकवून धरता कामा नये. आणि उलट, पाटा पूर्ण दाबला जातो तेव्हा शॉकअप बुडाला टेकण्याआधी बंप स्टॉपचं रबर लागलं पाहिजे. फक्त "दोन इंच लिफ्टचे शॉकअप" असं सांगून मिळालेला माल घेऊ नका. आपल्या गाडीत पूर्ण दाबलेली आणि पूर्ण उघडलेली लांबी मोजा आणि त्या दोन आकड्यांत बसणारा घ्या.

जुन्या थारवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या थारच्या सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) प्रकारात पुढे अखंड ॲक्सल नाही, टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) आहे. तिथे एक बोल्ट पिळला की पुढची गाडी फुकटात वर येते, आणि म्हणून तो बोल्ट फार पिळला जातो. त्याने चाक खाली उतरण्याची जागा संपते, बाहेरच्या शाफ्टचे सांधे कायम तिरके राहतात आणि त्यांची रबरी टोपणं लवकर फाटतात. पुढची उंची मागच्याशी समतल आणण्यापुरतं पिळा, जास्त नाही.

गाडी उलटण्याचा प्रश्न

अमेरिकेतली वाहतूक सुरक्षा संस्था, एनएचटीएसए, गाडी उलटण्याचा धोका मोजायला एक सोपं गुणोत्तर वापरते: दोन चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. आकडा जितका कमी, तितका धोका जास्त. साध्या मोटारींचा आकडा १.३ ते १.५ च्या दरम्यान येतो, एसयूव्हींचा १ ते १.३. जिप्सी किंगची चाकांमधली रुंदी साधारण १३०० मिलिमीटर. गुरुत्वमध्य ६५० मिलिमीटरवर आहे असं धरलं तर गुणोत्तर बरोबर १. त्यात चेसी-बॉडी ५० मिलिमीटर वर गेली आणि गुरुत्वमध्य ६९० ला पोचला, तर ०.९४. छतावर कॅरिअर, त्यावर जॅक, पाण्याचे कॅन आणि स्टेपनी चढवली की अजून खाली. कापूरबावडीच्या पुलावरून उतरताना अचानक रिक्षा आडवी आली आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवलं, तर हा आकडा कामाला येतो. म्हणून लिफ्ट केलेल्या गाडीच्या छतावर काही ठेवायचं नाही. जड सामान खाली, मागच्या सीटच्या पुढे.

मोठ्या टायरमुळे अजून दोन गोष्टी होतात. २३५/७५ घातल्यावर चाकाचा परीघ दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने जात असते. इंजिनला प्रत्येक गिअर तेवढाच जड होतो, आणि ऐंशी हॉर्सपॉवरच्या १.३ लिटर इंजिनाला माळशेजच्या चढावर हे जाणवतं. ब्रेकलाही तेवढंच जास्त काम पडतं. म्हणूनच मला २१५/७५ हा समजूतदार टायर वाटतो.

बसवताना

आदल्या दिवशी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पाट्याच्या डोळ्यातले बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजाने चिकटलेले असतात आणि बऱ्याचदा कापूनच काढावे लागतात. गॅसकटर आणला तर आधी पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप कुठे आहेत ते बघा. शक्य असेल तर ग्राइंडरनेच काम भागवा.

गाडी जॅकवर नाही, चेसीखाली लावलेल्या स्टँडवर उभी राहिली पाहिजे. ॲक्सलला वेगळा जॅक लावायचा. एका वेळी एकच ॲक्सल, आणि त्यातही एका बाजूचा पाटा खोलताना दुसऱ्या बाजूचा बांधलेला ठेवायचा, म्हणजे ॲक्सल जागेवरून हलत नाही. नव्या पाट्याचा सेंटर बोल्ट ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नेमका बसला का, हे बोटाने चाचपून बघा. तो अर्धवट बसला तर ॲक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

यू बोल्ट नवेच घ्या. एकदा पूर्ण ताणलेला यू बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही, आणि ॲक्सलला पाट्याशी धरून ठेवणारं दुसरं काहीच नाही. त्यांचे चार नट आलटून-पालटून, थोडे थोडे करत, टॉर्क पान्याने आवळायचे.

सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाणारी गोष्ट बुशच्या बोल्टांची. गाडी हवेत असताना शॅकल आणि पाट्याच्या डोळ्याचे बोल्ट फक्त हाताने घट्ट करायचे. चाकं जमिनीवर आली, पूर्ण वजन पाट्यांवर आलं, दोन-चारदा गाडी दाबून सोडली, की मग ते शेवटचे आवळायचे. हवेतच आवळले तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहून काही महिन्यांत फाटतं. कडक उसळणाऱ्या आणि चरचर आवाज करणाऱ्या कितीतरी लिफ्ट या एकाच कारणाने तशा झालेल्या असतात.

पुढे अलाइनमेंट. आपल्याकडे संगणकावर अलाइनमेंट करणारे बहुतेक फक्त टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, बघतात, कारण अखंड ॲक्सलमध्ये सहज फिरवता येतं ते तेवढंच. तुम्ही कॅस्टरचाही आकडा छापून मागा, दोन्ही बाजूंचा. लिफ्टच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन कागद हातात असतील तर पाचर किती अंशांची लागेल यावर वाद घालावा लागत नाही.

पहिले शंभर किलोमीटर जवळपासच चालवा: ठाणे-बेलापूर रोड, सर्व्हिस रोड, वेग कमी. शंभर झाल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळा, आणि पाचशे झाल्यावर पुन्हा एकदा. नवे पाटे पहिल्या काही आठवड्यांत थोडे बसतात. म्हणून महिन्याभराने परत टेप लावून चारही मापं घ्या. लिफ्ट खरंच किती मिळाली ते तेव्हा कळतं. हेडलाइटचा झोत लिफ्टनंतर लगेच खाली करायचा, कारण उंच गाडीचा दिवा घोडबंदर रोडवर समोरच्या दुचाकीवाल्याच्या थेट डोळ्यांत जातो. आणि पाटे बसल्यावर, या शेवटच्या मापानंतर, तो पुन्हा एकदा लावून घ्यायचा.